तीन म्हणायच्या आधी

५ जानेवारी
नव्या गोळीचा तिसरा आठवडा. उजवा हात टेबलावर गप्प पडलाय, वर्षभरात पहिल्यांदा. मिरची बाजारात आज सगळे लिलाव मीच पुकारले, आवाजही खणखणीत. कंपवात की काय तो गेला कुठे? घरी मात्र शेजारच्याच्या तोंडावर म्हणालो, तुझं घर बांधणाऱ्याला डोळे नव्हते. का म्हणालो? बायको, सुमन, म्हणते, "आते हात थांबना, पन तोंड पयी ऱ्हायनं." तोंड पळत सुटलंय म्हणे. हसलो.

९ जाने.
मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांत सहज बसलो. हा एक देठ, मग उठतो. हा एक. जेवण राहिलं. सुमन शोधत आली तेव्हा बोटांची आग आग होत होती, तरी खुडतच होतो. तिने हात धरून उठवलं. चिडलो तिच्यावर, उगाच.

१२ जाने.
घात झाला.
एक, दोन म्हणून मी श्वास घेतो, शेतकऱ्याकडे बघतो. भाव पटला नाही तर तो ढिगातली एक मिरची उचलून धरतो, मग माल विकायचा नाही. तीन म्हटलं की संपलं. तीस वर्षं हेच केलंय. आज विसरवाडीचा दगाभाऊ मिरचीसाठी वाकत होता. मला दिसत होता. आणि तोंडातून तीन निघून गेलं.
"नाना, मी आखो मिरची उचली बी नव्हती. तीन काब म्हणी टाकं?"
घेणारा व्यापारी कोण, तर माझा साडू! दगाभाऊने आधी साडूकडे बघितलं. मग म्हणाला, "साडूकरता करं ना?" सगळ्यांनी ऐकलं.

१३ जाने.
साडूला विनवलं, सौदा मोड. "शब्द तुमना शे नाना, मी कसाले मोडू?" वर पेढे पाठवलेत हलकटाने. सुमनने दारातूनच परत पाठवले. सख्ख्या बहिणीच्या घरचे.

१६ जाने.
सुरतेला डॉ. कडे. गाडीत तीनदा जागा बदलली, बसवेना.
डॉ.ने खेळ मांडला. त्यांनी टेबल एकदा वाजवलं तर मीही वाजवायचं, दोनदा वाजवलं तर हात आवरायचा. सोपं. दोनदा वाजलं, मला कळलं, हात तरी पडलाच. परत तेच. सुमन आधी हसली, मग पदर तोंडाला लावून बसली.
डॉ. म्हणाले, हा आजार फक्त हाताचा नाही, आतला ब्रेकही झिजतो. आणि ही गोळी तो आणखी सैल करू शकते. सकाळची गोळी अर्धी केली. हात परत थरथरेल म्हणाले.
म्हणजे मी लबाड नाही. पण हे बाजारात कोणाला सांगू? पुकारणाऱ्याने माझा शब्द माझ्या ताब्यात नाही म्हणायचं?

२१ जाने.
हात नाचायला लागला, चहा बशीत. वजनकाट्याच्या खोलीच्या उंबऱ्यात पाय जमिनीला खिळले. घरी सुमन मिरची घेऊन समोर बसते, मी पुकारतो. दहापैकी चारदा तीन आधीच सुटलं. काल सहादा. लाज वाटते, पण तिच्यासमोर कमी.

२४ जाने.
एसटीने विसरवाडी. दगाभाऊला ओट्यावर बसून सगळं सांगितलं, टेबल वाजवायच्या खेळासकट. रडलो की काय, आठवत नाही. तो तंबाखू मळत राहिला.
"दुसरी गाडी सोमवारले आनसु. तुम्हीच पुकारा."
माफ केलं का, विचारायचं धाडस झालं नाही.

सोमवार, सकाळी
बाजारात बसून लिहितोय. अक्षर किडामुंगीचं झालंय. गोळीचा उरलेला अर्धा तुकडा खिशात आहे, घेतला तर हात तरी शांत दिसेल. दोनदा काढला, परत ठेवला. साडू समोरच उभा.
दगाभाऊची गाडी लागली. तो ढिगाशी आत्तापासूनच मिरची उचलून धरून उभा आहे. लिलाव सुरूही नाही. मला आधार द्यायला, की माझा भरवसा नाही म्हणून? "नाना, मी खाले करसु तव्हयच तीन म्हना."
त्याचा हात वरच आहे. घंटा झाली.