घरातल्या सगळ्या यंत्रांचा आवाज बसलाय

प्रिय अहो,

एका घरात राहून पत्र लिहायची वेळ आली, म्हणजे माझं काय झालं असेल ते समजून घ्या. तुम्ही आत्ता पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरचं पोट फाडून बसला आहात. जेवणाच्या टेबलावर स्क्रू, सोफ्यावर टीव्हीचं मागचं झाकण, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवतेय. हात टेकले मी तुमच्यापुढे. उद्या रविवार, नातीचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि ठकीशी तुमचं धड बोलणं होऊन किती रविवार झाले, कोण जाणे. तिच्यासाठीच ही सगळी खटपट चाललीय हे मला कळतं. म्हणून तर जास्त संताप येतो.

सुरुवात टीव्हीपासून झाली. बातम्या देणारी मुलगी तोंडातल्या तोंडात पुटपुटते, स्पीकर गेला, असं तुमचं म्हणणं. कोपऱ्यावरच्या टीव्हीवाल्याने येऊन तपासला, काही बिघडलेलं नाही म्हणाला, तर तो तुमच्या लेखी चोर. मग स्वतःच नवा स्पीकर आणून बसवलात. आता टीव्ही लावला की शेजारीण भिंत ठोकते. त्यानंतर दाराची बेल. ती म्हणे दमली. तुम्ही लावलेल्या नव्या बेलने परवा पार्सलवाला जागच्या जागी उडाला, आणि तुम्ही आत शांतपणे पेपर वाचत होता. मायक्रोवेव्हची शिट्टी बंद पडली म्हणून त्याचे स्क्रू काढायला घेतलेत, तेव्हा मात्र मी आडवी आले. प्लग काढला तरी त्याच्या पोटात वीज साठून राहते, हात लावू नकोस, हे तुम्हीच लेकीला बजावलं होतंत ना? शिट्टी वाजत होती हो. मी रोज ऐकते. पण तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कॉम्प्युटरचं तर विचारूच नका. आधी वायर बदललीत, मग हेडफोन, मग साउंडचा ड्रायव्हर काढून परत घातलात, आणि तरी समाधान होईना म्हणून सगळाच फॉरमॅट मारलात. माझे विणकामाचे सगळे नमुने त्यात गेले. मी मागे उभी राहून दोनदा विचारलं होतं, माझी कॉपी काढून ठेवलीत का म्हणून, आणि तुम्ही मान डोलावली होतीत. काय समजून डोलावलीत, देव जाणे. हल्ली तुम्ही कशालाही मान डोलावता. त्या दिवशी मी रडले ते नमुन्यांसाठी, असं तुम्हाला वाटलं. नमुने काय, परत बसवता येतील.

जन्मभर टेलिफोनच्या खात्यात लाइनचे बिघाड शोधलेत तुम्ही. नव्याने लागलेल्यांना शिकवायचात, की घरातला एक फोन खरखरला तर फोन उघडा, पण सगळेच खरखरायला लागले तर एकालाही हात लावू नका, सगळ्यांची मिळून जी एक लाइन आहे ती तपासा. आणि इथे टीव्ही, बेल, मायक्रोवेव्ह, कॉम्प्युटर, सगळ्यांचा आवाज एकाच वर्षात बसला, तर तुम्ही एकेकाला सोलत सुटलात. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांची मिळून लाइन कोणती, हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. तुमचे कान आहेत ते. खालच्या मजल्यावरच्या मित्राचं सगळं ऐकू येतं, हे कारण आता पुरे झालं. त्याचा आवाज म्हणजे ढोल. बारीक आवाज आधी जातात, मी डॉक्टरांना विचारून आलेय. आधी बातम्यांतली मुलगी, मग शिट्टी, मग ठकी.

चष्मा लागला तेव्हा दुकानातल्या निम्म्या फ्रेमा नाकावर चढवून, आरशात बघून खूश झाला होतात. मग कानाचीच एवढी काय लाज? मला तुमची कीव येत नाही, राग येतो. मला तुमच्याशी हळू आवाजात बोलायचंय. वर्षभरात एक चहाडी धड करता आलेली नाही. शेजारणीबद्दल तुम्हाला काही सांगावं, तर ते आधी शेजारणीलाच कळायचं. घरात दोन माणसं, आणि एक दिवसभर यंत्रांशी भांडतंय, दुसरं भिंतींशी बोलतंय. असं म्हातारपण मला नको.

बुधवारी सकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी बरोबर येणार. हे ओरडून सांगितलं असतं तर भांडण झालं असतं आणि तुम्ही पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला असतात. पण कागदावर लिहावं हे मला सुचलेलं नाही, ठकीला सुचलं. गेल्या रविवारी ती पडलेल्या दाताची गोष्ट सांगत होती. कॉम्प्युटर ठणठणीत होता, मला ओट्याशी तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तुम्ही मध्येच आवाज येत नाही म्हणून चिडलात आणि वायर बघायला टेबलाखाली शिरलात. ती उठून गेली, परत आली आणि वहीचं पान कॅमेऱ्यासमोर धरून उभी राहिली, बराच वेळ. तुम्ही वर आलात तोवर कॉल संपला होता. आजोबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का, असं लिहिलं होतं त्यावर. मी ओट्यापासून येऊन ते वाचलं आणि तिला नाही म्हणाले. पण तिने विचारलं होतं तुम्हाला. उद्या टेबलाखाली जाऊ नका, तिच्यासमोर बसा आणि तुम्हीच तिला सांगा.

तुमचीच