लेकीने मला विचारलंच नाही

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! जिने चढताना गुडघे कुरकुरत होते, पण जावयांनी दारातच पिटुकलीला माझ्या हातात दिलं आणि मग कसले गुडघे नि कसलं काय! सहा आठवड्यांची नात. नाक थेट आजोबांचं, तेवढ्यातून सुटली असती तर बरं होतं. लेक म्हणाली, आई, आधी पिशवी तरी खाली ठेव. म्हटलं, पिशवी कुठे पळून चाललीय?

ही वही तिनेच दिली. लेक माझी मनाची डॉक्टर. (डोक्याची म्हटलं की रागावते.) बाळंतपणानंतर मन फिरलेल्या बाया तिच्याकडे येतात. कुणाच्या हातून आपल्याच लेकराचं बरंवाईट झालं, तर तुरुंगात जाऊन तिच्याशी बोलते, कोर्टाला अहवाल लिहून देते. त्या बायांना रोज चार ओळी लिहायला लावते म्हणे. मला म्हणाली, तूही लिही, तेवढंच माझं डोकं कमी खाशील. मी चौथी शिकलेली. पण बोलायला कुठे शाळा लागते? तसंच लिहीन.

५ तारीख, बुधवार

घर लहान पण उजेडाचं. पाळणा खिडकीशी, न्हाणीघर स्वयंपाकघराला लागून, तिथे बाळाचा पिवळा टब. दुपटी धुते, बाटल्या उकळते, जावयांना आणखी एक पोळी वाढते, ते पोट धरून नको म्हणतात. लेकीला सांगितलंय, सगळं करीन, आंघोळ तेवढी तू घाल. हसली. म्हणाली, मला वाढवलंस ती काय पारोशी?

तुला तुझी आजी न्हाऊ घालायची, हे मी बोलले नाही.

९ तारीख, रविवार

जेवताना लेक कामाचं बोलत होती. एका बाईची केस आलीय, सुट्टी मोडून जावं लागणार. तिला काय विचारायचं ते जावयांना सांगत होती. बाळ तुझंच आहे असं वाटतं ना? इतरांना ऐकू येत नाही असं काही ऐकू येतं का? म्हणाली, या बाया दुष्ट नसतात हो, आजारी असतात. वेळेवर कुणी एका माणसाने विचारलं असतं तर!

मी माझं ताट उचललं.

मला कुणी विचारलं नव्हतं.

१० तारीख, सोमवार

लिहूनच टाकते. लेकीच्या आधी मला एक मुलगा होता. बावीस दिवसांचा. न्हाणीतल्या घंगाळातलं पाणी मला सांगायचं, हा तुझा नाही, तुझा खाली आहे, याला खाली दे, तुझा वर येईल. मी दिला. वर कुणी आलं नाही.

लोक धावले तेव्हा मी म्हटलं, धाकटी जाऊ न्हाऊ घालत होती. ती सोळा वर्षांची, जरा वेंधळी, घंगाळ तिनेच भरून ठेवलेलं. सगळ्यांना पटलं. नवऱ्याने टाकली तिला. आणि ऐका, मरेपर्यंत तिलाही वाटायचं की आपल्याच हातून निसटला असेल. माझे पाय धरून रडायची. मी धरू द्यायचे.

१२ तारीख, बुधवार

लेक कामावर गेली. दुपारी पिटुकलीने शी करून सगळं भरवून ठेवलं, न्हाऊ घालण्यावाचून इलाज नव्हता. गोड हसली पाण्यात. मीही हसले. आणि टबातून अगदी हळू आवाज आला. तेच शब्द.

टॉवेलात गुंडाळून बाहेर पळाले.

१४ तारीख, शुक्रवार

आजही दुपारी, लेक कामावर गेल्यावर. मी पाळण्याशी बसले होते, एवढं आठवतं. मग न्हाणीघरात. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. पिटुकली खोकत होती, तोंडातून पाणी. ओठ निळे— मग रडली. देवा, रडली.

नळ मी सोडला नव्हता. नव्हता.

१५ तारीख, शनिवार

लेकीने पिटुकलीच्या दंडावर बोटांचे वळ पाहिले. पांढरी पडली. म्हणाली, काल सकाळी मीच न्हाऊ घातली, झोपेत होते, मला काही आठवत नाही. जावयांना म्हणाली, शंभर बायांमध्ये बघितलंय हे मी, आता मला झालंय.

मी तिथेच उभी होते. दुपटं घडी करत.

पुन्हा एकदा. दुसरीच बाई. तेच ओझं.

१६ तारीख, रविवार

सांगितलं! वळ माझे, म्हटलं. माझ्याच हातून झालं. लेकीने मला मिठी मारली. म्हणाली, लहानपणी मी फोडलेल्या कपबश्याही तू स्वतःवर घ्यायचीस, आई. आता नको.

पहिल्याचं सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर पटलं असतं. जीभ उचललीच नाही.

उद्या ती आपल्याच इस्पितळात दाखल होणार. म्हणाली, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

१७ तारीख, सोमवार. सकाळ

गेले दोघं. जावई तासाभरात परततील. शेजारचं दार ठोठावलं— कुणी नाही. लेकीचा फोन बंद.

पिटुकली पाळण्यात. न्हाणीघराला कडी. मी खुर्चीत. लिहीत राहायचं. उजव्या हातात पेन, डावा वहीवर. लिहीत आहे तोवर हात इथे आहेत.

इथे आहेत.

आत नळ सुटला.

लिहायचं. काहीही लिहायचं. दुपटी सहा. बाटल्या चार. पिटुकली गप्प का— वळून बघायचं नाही, उठले तर—

कागद ओला. डावा हात— डावा हात दिसत नाही—

लेकी, तू नव्हतीस गं. जाऊही नव्हती. मी—