मास्तरीणबाईंच्या उलट्या आणि माझे एकाहत्तर किलो

आदरणीय ताई,

मी, तुझा पाठचा आणि एकमेव भाऊ, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर (प्रथम श्रेणी, तुला हे ठाऊक आहे, पण पत्र भाऊजींच्याही हाती पडेल), खाद्यतेलाच्या गोदामाचा मुख्य व्यवस्थापक, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे. जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी जाताना तू आपली चौदा वर्षांची मांजर तीन महिन्यांसाठी माझ्या स्वाधीन केलीस. त्या तीन महिन्यांचे आठ महिने झाले. आता येत्या रविवारी तू तिला परत न्यायला येणार, असा तुझा फोन आला. तत्पूर्वी तिच्या प्रकृतीचा, विशेषतः तिच्या उलट्यांचा, साद्यंत अहवाल तुझ्यापुढे असावा, हे मी माझे कर्तव्य समजतो.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या कानात यंत्र बसवल्याचे कळले. आता त्यांना तुझे सगळे बोलणे ऐकू येते की ते यंत्र अधूनमधून काढून ठेवतात? नात रांगायला लागली का? आम्ही सर्व खुशाल आहोत. मास्तरीणबाईही खुशाल आहेत. (तिच्या गळ्यावरचा पांढरा पट्टा आणि ती करडी नजर पाहून तू दिलेले हे नाव किती यथार्थ आहे, ते मला आता कळले. मी चुकीच्या बाजूने बशी ठेवली तर ती बशीकडे न पाहता माझ्याकडे पाहते.)

उलट्यांना एप्रिलमध्ये प्रारंभ झाला. पहिली मी किरकोळ मानली, दुसरी योगायोग मानली, तिसरी माझ्या उजव्या बुटात झाली तेव्हा नोंदवही घातली. तारीख, वेळ, जेवणानंतर किती मिनिटांनी, रंग, त्यात अन्न, केस की नुसता फेस, आणि स्थळ, असे सहा रकाने. स्थळाचा रकाना वाचनीय आहे. आपल्या घरात पुसता येणारी फरशी सुमारे सहाशे चौरस फूट आहे आणि पुसता न येणारा गालिचा अवघा चोवीस. एप्रिल ते जून या काळातील वीस उलट्यांपैकी अकरा गालिच्यावर आहेत. इतकी अचूक निवड मला गोदामातल्या अनुभवी माणसांकडूनही करून घेता आलेली नाही.

उलटीपूर्वी मास्तरीणबाई मान खाली घालून पोटातून एक विशिष्ट आवाज काढते, आणि आवाजापासून प्रत्यक्ष घटनेपर्यंत सरासरी अकरा सेकंद मिळतात, हे मी शोधून काढले. त्यावर मी कुटुंबाची एक कवायत बसवली: आवाज होताच तुझ्या भाचीने जुने वर्तमानपत्र सरकवायचे, तुझ्या भावजयीने गालिचा ओढायचा आणि मी वेळ टिपायची. ही कवायत मे अखेरपर्यंत नऊ सेकंदांवर आली होती. (तुझी भावजय मात्र कामाच्या वाटणीविषयी कायम कुरकुरत असे. "तुम्ही घड्याळ बघा, मी फडकं बघते," हे तिचे त्या काळातले नेहमीचे वाक्य. नेतृत्वाची किंमत घरात कधीच कळत नाही.)

आता वजनाकडे वळतो, आणि इथे तू जरा सावरून बस. मांजर काट्यावर एकटी उभी राहत नाही, हे तू जाणतेस. आमच्या गोदामात तेलाचे पिंप तोलताना आम्ही रिकाम्या पिंपाचे वजन एकदा नोंदवतो आणि पुढे दर वेळी भरलेल्या पिंपातून तेवढे वजा करतो. पस्तीस वर्षे हा हिशेब एका थेंबाने चुकलेला नाही. तीच पद्धत मी घरी लावली. पंधरा जानेवारीस माझे एकट्याचे वजन एकाहत्तर किलो भरले. ते मी वजनाच्या निराळ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले. मग दर महिन्याला मास्तरीणबाईला कडेवर घेऊन काट्यावर उभा राहिलो आणि एकाहत्तर वजा करत गेलो. जानेवारीत ती चार किलो तीनशे होती, जूनमध्ये साडेचार. दोनशे ग्रॅमची भर! शिवाय तिची भूक तर विचारू नकोस. बशी चाटून झाली की ती माझ्या ताटाशी येऊन ओरडे. उलट्या असूनही भूक वाढते आहे आणि वजनही, म्हणजे संगोपन उत्तम चालले आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि तुलाही कळवला. त्या पत्रातला 'अभिमानास्पद' हा शब्द तुला आठवत असेल. मी त्याखाली रेघही ओढली होती.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुझ्या भावजयीने तिला उचलले आणि म्हणाली, "अहो, हिची नुसती हाडं लागतायत हाताला." मी वही दाखवली. ती म्हणाली, "वही राहू दे, हात लावून बघा." मी हात लावला. ताई, वहीत नसलेली गोष्ट हाताला लागावी, असे माझ्या बाबतीत पूर्वी कधी झालेले नव्हते.

त्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून (या वर्षातली पहिली) आम्ही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या काट्यावर मास्तरीणबाई तीन किलो शंभर भरली. मी नम्रपणे त्यांचा काटा तपासून घेण्याची सूचना केली. त्या वयाने लहान, पण तोंडाने खंबीर आहेत. त्यांनी माझी पद्धत शांतपणे ऐकून घेतली आणि मोठ्या कुत्र्यांसाठी जमिनीवर बसवलेल्या काट्याकडे बोट करून म्हणाल्या, "काका, उभे राहा बघू." दोन कुत्रे, एक ससा आणि त्यांचे पाच मालक यांच्यादेखत मी उभा राहिलो. बहात्तर किलो चारशे. "एवढ्या वाढीचा कुत्रा असता ना, तर त्याची बिस्किटं बंद केली असती," असे त्या म्हणाल्या. ससा सोडून सर्व हसले. तुझी भावजय सर्वांत जास्त. "पिंप वाढतंय हे मी जानेवारीपासून सांगतेय," असेही ती म्हणाली, तेही पुरेशा मोठ्याने.

थोडक्यात, मी जेवढा वाढत होतो, त्याच्या आड ती उतरत होती. माझी वजाबाकी निर्दोष होती. पिंप बदलले होते.

रक्ततपासणीत निघाले ते असे: गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करते. म्हाताऱ्या मांजरांत हे पुष्कळदा होते म्हणे. भूक वाढते, वजन घटते आणि उलट्या होतात. म्हणजे ज्या भुकेचे मी कौतुक करत होतो, तोच आजार होता. इथे मी खाली मान घातली. पण मग डॉक्टरीणबाईंनी माझी नोंदवही हातात घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. "ही कोणी ठेवली?" त्यांनी विचारले. मी सांगितले. बहुतेक उलट्या एकदम मोठे जेवण दिल्यावर दहा-बारा मिनिटांत होतात, हे वहीमुळेच त्यांना एका नजरेत दिसले. (सकाळी सात आणि संध्याकाळी सात, ठोक्याला, एकदाच भरपूर, ही शिस्त माझीच.) अशी वही आजवर कोणी आणली नव्हती, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावले, कारण तुझ्या भावजयीचे लक्ष सशाकडे होते. मग त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन महिने आधी आणली असतीत तर बरं झालं असतं. आणखी दोन महिने उशीर केला असतात, तर आणायला मांजर उरली नसती." हे वाक्य मी पुन्हा म्हणायला लावले नाही.

आता दिवसातून दोनदा गोळी आणि पाच वेळा थोडे थोडे जेवण. गोळी देणे ही निराळी विद्या आहे. पहिल्या दिवशी ती तिने गिळली असे आम्ही समजलो. ती संध्याकाळी सोफ्याखाली सापडली. दुसऱ्या दिवशीची माझ्या खिशात सापडली, ती कशी, यावर आमच्या घरात अद्याप एकमत नाही. आठवडाभरात माझी दोन्ही मनगटे रेघोट्यांनी भरली आणि गोदामात माझ्या संसाराविषयी कुजबुज सुरू झाली. पण अखेर मला वर्म सापडले: तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचे, कपाळाला अंगठ्याने हलके चोळायचे, आणि ती डोळे मिटून जबडा सैल सोडते त्या क्षणी गोळी जिभेच्या मुळाशी. ती हे माझ्याशिवाय कोणाकडूनही करून घेत नाही. (तुझी भावजय म्हणते की, सव्वीस वर्षांत तिला एकदाही इतक्या मायेने गोळी मिळालेली नाही. मी तिला टॉवेल देऊ केला, तिने नाकारला.)

फलश्रुती: जूनमध्ये नऊ उलट्या, जुलैत पाच, ऑगस्टमध्ये अवघी एक. वजन तीन किलो सातशे, डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर, मला वगळून. या यशाबद्दल मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता तिला औषधे, बशी, टॉवेल व नोंदवही यांसह तुझ्या स्वाधीन करण्यास मी सिद्ध आहे.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
मुख्य व्यवस्थापक
स्थळ: जेवणाचे टेबल
दिनांक: बारा सप्टेंबर

ता. क. सोबत संगोपनाच्या सूचना जोडल्या आहेत. त्या चौदा पाने आहेत. वाचून छाती दडपली, तर त्यात कमीपणा मानू नकोस; तुझे गुडघे, घरात तान्ही नात, हे सर्व मी समजू शकतो.

ता. क. २. तुझ्या भाचीने पत्र वाचले. तिचा अभिप्राय: "बाबा, मांजर देत नाही म्हणून सरळ लिहा ना आत्याला." अहवालात मागण्या नसतात, असे मी तिला समजावले. ती हसत आत गेली आणि आता दोघींचे हसणे ऐकू येत आहे.

ता. क. ३. ताई, ऑगस्टमध्ये एक नव्हे, चार उलट्या झाल्या. तीन मी घरात एकटा असताना झाल्या. फडक्याने पुसल्या आणि वहीत लिहिल्या नाहीत. पस्तीस वर्षांत मी खोटा आकडा लिहिलेला नाही, आणि हाही लिहिला नाही, नुसता सोडला. पण तो सोडला हे खरे. चार लिहिले असते, तर तू म्हणाली असतीस की, नाहीतरी उलट्या होतातच, मग माझ्याकडेच होऊ देत. डॉक्टरीणबाई म्हणतात की, आता अधूनमधून व्हायच्याच. तिचे वय झाले. होऊ देत. गालिचा आम्ही गुंडाळून माळ्यावर टाकला आहे.

तू रविवारी अवश्य ये. भाऊजींनाही आण, चार दिवस राहा. मास्तरीणबाई तुला ओळखेल आणि तुझ्याच मांडीवर बसेल, त्याचे मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त तिला न्यायची टोपली आणू नकोस.