मी उलटलेलं पान

उमापूर, मंगळवार, दिवेलागण

आज नववीला फूल शिकवताना 'उभयलिंगी' शब्द आला. मागच्या बाकांवर खसखस पिकली आणि मी "हे घरी वाचा" म्हणत पान उलटलं. बारा वर्षं शिकवतेय! कशाला भ्यायले? कुणाच्या घरून तक्रार येईल म्हणून? सकाळी त्यांच्याच व्याकरणाच्या तासाला मीच हा शब्द फळ्यावर लिहिला होता, तो बाग, ती बाग. तेव्हा कुणी हसलं नाही.

परतताना सलीमभाईंच्या पपईच्या मळ्यात थांबले. त्यांची लेक शबाना याच नववीत; तीही तिथंच होती. फुलांवरून ओळखून ते नर झाडं कापत होते.

"मॅडम, हे नर हाय. नुसतं फुलतंय, फळ न्हाई. उभयलिंगी राखायचं. त्याचंच लांबट फळ बाजारात लई चालतंय."

लेकीसमोर, अगदी सहज बोलले. शबाना हळूच म्हणाली, "मॅडम, ते पान राहिलं आपलं."

मी सलीमभाईंकडे फुलं मागितली.

नर आणि उभयलिंगी, दोन्ही झाडांची फुलं रुमालात बांधून आणलीत, पेल्यातल्या पाण्यात ठेवलीत. उद्या पहिलाच तास. शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीन. हसतील, हसू देत. हसून संपेपर्यंत मी तिथंच उभी राहीन, त्याच पानावर.