करवंदीतली वाट

पोशीर,
२ जून

ती. दादास,

सा. नमस्कार. साष्टांग आहे असं कागदावरच समजून घे. नमस्काराला दोन हात जोडावे लागतात आणि ते मला सध्या जमत नाही. अक्षर बघून हसू नकोस, पहिलीतल्या पोरासारखं आलंय. डाव्या हाताने लिहितोय. उजव्याचं काय झालं ते तुला मी सांगायला नको.

इकडे सगळं ठीक. संध्यावहिनी बऱ्या आहेत. तुझी म्हैस दूध देते, माझी लाथ देते. तुझ्या खाचरातला भातरोपांचा राब भाजायचा राहिला होता, तो मी वाघ्याकडून भाजून घेतला. वनिताला यातलं काही माहीत नाही. वाघ्या म्हणजे आपल्या वरच्या वाडीतला, माझ्याकडे करवंदं घालणारा. त्या दुपारी तो तिथे होता, हे तुला आठवत असेल.

तिथले जेलचे साहेब पत्र आधी उघडून वाचतात असं वहिनी म्हणाल्या. वाचू देत. साहेब, तुम्हालाही नमस्कार, एका हाताने.

आता मुद्द्याचं. सोमवारी माझी जबानी आहे. पोलीस दवाखान्यात येऊन गेले, मी झोपेचं सोंग घेतलं. पुन्हा आले, पुन्हा घेतलं. वनिताने तक्रारीत लिहून दिलंय की दशरथ कोयता घेऊन माझ्या नवऱ्याला मारायला आला. तिने जे बघितलं ते तिने सांगितलं, तिच्यावर राग धरू नकोस. तू तर फक्त 'माझ्या हातून झालं' एवढंच बोललास आणि तोंडाला कुलूप घातलंस. आता उरलो मी. मी वनिताच्या होला हो केलं तर तुझे केस आत पिकतील, असं वकील म्हणतो.

लोधिवलीचा वाल्मिक रोज फोन करतो. वनिताचा भाऊच तो, बहिणीचा कैवार घेणारच. म्हणतो, "दाजी, आता कच खाल्ली तर तुमी बांगड्या भरा." मी म्हटलं, एका हातात भरतो, दुसऱ्यात राहायच्या नाहीत.

खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला बरं वाटत होतं. हात ठणकत होता, झोप नव्हती, आणि मी मनात म्हणत होतो, बस आता आत. बांधावरची जाळी माझी झाली.

आपल्या घरात भांडण तोंडावर कधी थांबलंच नाही. तू फावड्याच्या दांड्याने माझा पुढचा दात पाडलास, मी तुझी पेंढ्याची उडवी पेटवली. तू माझ्या पंपाची वायर तोडलीस, मी तुझ्या टेंपोवर दगड घातला. आणि सगळं कशावरून, तर बांधावरच्या करवंदीच्या जाळीवरून. तुला ती तोडून टेंपोला रस्ता हवा होता, मला करवंदं हवी होती. तू माझं नाव घेणंही सोडलंस. 'पलीकडचा' म्हणायचास. पलीकडच्याची म्हैस आली, पलीकडच्याने पाणी सोडलं. मीही तुला काही कमी नावं ठेवली नाहीत, ती इथे लिहीत नाही, साहेब वाचतायत.

कंपनीने घरी बसवल्यापासून मी मोबाईलवर बघून वाईनचं खूळ घेतलं, ते तुला माहीत आहे. तू तुझ्या ओट्यावरून ओरडलास, "बापानं दारू पिऊन घर जालला, आता तू घरातच दारू गाल!" मी दगड उचलला नाही कारण माझे हात चिकाने बरबटले होते. करवंदाचा चीक साबणाला ऐकत नाही, तेल लावावं लागतं. वाघ्या डोंगरातली गोड आणायचा, त्यात आपल्या जाळीतली आंबट मिसळायची, चुरडायची, साखर आणि यीस्ट घालून पिंपात ठेवायची, तोंडाला वनिताचं जुनं लुगडं बांधायचं. मग पिंप आतल्या आत बुडबुडत बसतं. म्हाताऱ्या माणसाच्या पोटासारखा आवाज येतो. मला तो आवाज आवडायचा. कोणीतरी घरात कुरकुर करतंय पण अंगावर येत नाही, असं आपल्याकडे आधी कधी झालं नव्हतं.

त्या मोबाईलवाल्याने बजावलं होतं की बुडबुडे पुरते थांबल्याशिवाय बाटलीत भरायचं नाही. मी थांबलो नाही. वाल्मिकच्या नव्या घराची पूजा होती, पूजेनंतरच्या पाहुण्यांना द्यायला त्याला बाटल्या हव्या होत्या. भंगारवाल्याकडून बियरच्या जुन्या बाटल्या आणल्या, भरल्या, बुचं हातोडीने ठोकली आणि वरून तारेने आवळली. तार कशाला, तर कोणी चोरून उघडू नये म्हणून. संशय आपल्या रक्तातच आहे. मागच्या पत्र्याच्या खोलीत फळीवर रांगेने लावून ठेवल्या. मे महिन्यात, पत्र्याखाली. शहाणा माणूस.

त्याच आठवड्यात प्लॉटवाल्यांची माणसं आली होती. जमीन देत नाही म्हटल्यावर एकाने शर्ट वर करून कमरेचं पिस्तूल दाखवलं. "परत आलो का बोलायला येणार नाय," म्हणाला. तू तुझ्या ओट्यावर उभा राहून बघत होतास. मला वाटलं, मनात हसत असशील.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. वाघ्या टोपली घेऊन ओट्यावर टेकला होता. मी खोलीत जाऊन एक बाटली उचलली आणि ती हातातच फुटली. तिच्यामागे शेजारची, मग सगळी रांगच. फाड, फाड, फाड. काच गालात घुसली, भुवई फाटून डोळ्यावर आली. पत्रा, भिंत, मी, सगळं लाल. किती रस आणि किती रक्त ते मलाही कळत नव्हतं. मी उताणा पडलो आणि बोंबललो. वाघ्या धावत आला, माझ्या छातीवर गुडघा रोवला आणि कमरेची सुरी काढून गालातली काच उकरायला लागला. मी तडफडतोय, तो दाबतोय. "हालू नको रं, डोळा जाईल," म्हणतोय.

आणि दारात तू. कोयता वर.

वनिता विहिरीवरून धावत आली तोवर झालं होतं. माझा अंगठा आणि दोन बोटं काचांत आणि पिंपातून उपसलेल्या चोथ्यात पडली होती. तिने ती नंतर शोधली. करवंद कुठलं आणि बोट कुठलं ते कळेना, असं म्हणून ती अजून जेवताना उठून जाते. तिने तुझ्या डोक्यात मुसळ घातलं. तू चुकवलं नाहीस. कोयता टाकून माझ्या हाताकडे बघत उभा राहिलास, रक्त तुझ्या तोंडावरून ओघळत होतं आणि तू डोळे पुसत नव्हतास. वाघ्या मागच्या मागे डोंगरात पळाला. इथवर सगळ्यांना माहीत आहे.

आता जे मी कोणाला सांगितलं नव्हतं ते.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा आधी जाळी बघायला गेलो. माझी झाली ना, म्हणून. बरोबर मध्ये भगदाड पडलंय. आरपार, तुझ्या अंगाएवढं. फांद्या मोडून आत वळल्यात आणि काट्यांवर तुझ्या निळ्या सदऱ्याच्या चिंध्या लटकतायत. तुझी एक चप्पल अजून आत अडकून आहे. वाघ्या लपूनछपून मला भेटायला आला होता, तोही बघत राहिला. "हिच्यात डुक्कर शिरत नाय. दादा कसा शिरला?"

मग मला जुनं आठवलं.

बाबा पिऊन आले की तुला उचलून त्या जाळीत फेकायचे. मला नाही, मी धाकटा, लाडका. मी ओट्यावर बसून बघायचो. एकदा हसलोसुद्धा होतो, तुझी चड्डी अडकली म्हणून. तू रडायचा नाहीस. आई सुई घेऊन तुझ्या पाठीतले काटे काढायची आणि तू भिंतीकडे तोंड करून बसायचास. मोठा झाल्यावर तू त्या जाळीच्या जवळून कधी गेला नाहीस. करवंद तोंडात घातलं नाहीस. आणि मी इतकी वर्षं गावभर सांगत होतो की दादाला टेंपोचा रस्ता हवाय! टेंपोला ओढ्याकडून रस्ता होताच की रे. तुला ती जाळी डोळ्यांसमोर नको होती. एकदा तरी बोलायचं होतंस. पण बोलणं आपल्याला कोणी शिकवलंच नाही.

फाटकातून आला असतास तर थोडा वळसा पडला असता, अंगावर ओरखडाही आला नसता. मारायला निघालेला माणूस फाटकातून येतो, त्याला कसली घाई? बाटल्यांचा आवाज तुला पिस्तुलाचे बार वाटला आणि तू सरळ आलास.

आणि दुसरं. वनिताने तुझं "कापून टाकीन" ऐकलं, तेच तिने लिहून दिलं. त्याच्या आधीचं मी ऐकलं. तू दारात आलास, तुला मी लालभडक पडलेला दिसलो, माझ्या छातीवर सुरी घेऊन बसलेला माणूस दिसला, त्याची पाठ दिसली. तू ओरडलास, "माज्या भावाला हात लावतो काय रं! कापून टाकीन!" कोयता वाघ्याच्या मानेवर येत होता. मी खालून हात वर केला आणि त्याच्या मानेवर आडवा धरला. एवढंच झालं. वार माझ्यावर नव्हताच.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गप्प राहिलो कारण राग मोठा होता आणि हात दुखत होता. पण ते 'माज्या भावाला' काही डोक्यातून जाईना. 'पलीकडचा' ऐकायची सवय लागली होती ना.

परवा वाल्मिक पोरं घेऊन आला. तुझ्या टेंपोच्या काचा फोडल्या, मग दगड घेऊन वहिनींच्या दाराकडे वळले. वहिनी एकट्या, आतून कडी लावून. मी कुऱ्हाड उचलली आणि त्या भगदाडातूनच तुझ्या ओट्यावर गेलो, फाटक लांब पडलं असतं. डाव्या हाताने कुऱ्हाड नीट पेलवत नाही, पण ते त्यांना कुठे माहीत? वाल्मिकला म्हटलं, "पुढं आलास तर मेव्हणा म्हणून बघणार नाय." त्याने दगड मारला, तो माझ्या खांद्याला लागला. मी कुऱ्हाड फिरवली, ती तुझ्या खांबात रुतली. बरोबर त्याच्या कानाजवळ. पोरं पांगली. खांब तुझा खराब झालाय, तेवढं माफ कर.

त्यानंतर वनिताला सगळं सांगितलं. तिने ताट भिरकावलं. "मंग तुमची बोटां परत येनार हायेत का?" मी म्हटलं, नाय. ती रडली, मला शिव्या दिल्या, तुला दिल्या, करवंदांना दिल्या. मग दुसरं ताट घेतलं आणि भाकरी कुस्करून माझ्यापुढे ठेवली, रोज ठेवते तशी. सोमवारी बरोबर येते की नाही, ते तिने सांगितलेलं नाही.

मी जाणार. जे ऐकलं आणि बघितलं ते सगळं सांगणार. वाघ्याही येणार आहे. पोलिसांना तो साप दिसल्यासारखा घाबरतो, पण येतो म्हणाला. "माजी मान हाय ना जाग्यावर? मंग माजी काय तक्रार?" वकील म्हणतो, चूक ती चूकच, कोर्ट काय ते ठरवेल, पण जामिनाचं बघता येईल. तू मात्र आता कुलूप काढ. वकिलासमोर एकदा तोंड उघड. काय सांगायचं ते वर लिहिलंय.

वहिनी सांगत होत्या, तुझ्या पाठीत अजून काटे आहेत, पू धरलाय. डॉक्टरांना दाखव, लाजू नकोस. जाळी तू म्हणशील तेव्हा तोडू, पहिला घाव तुझा. तोवर भगदाड बुजवत नाही, वहिनी आणि वनिता कालपासून ताक द्यायला तिथूनच जा-ये करतात. एक बाटली फुटायची राहिली आहे. तिची तार काढून टाकलीय आणि बूच सैल केलंय.

सुटून ये. आलास की आधी माझ्या गेलेल्या बोटांबद्दल एक थोबाडीत तुला बसणार आहे, ती चुकवायची नाही. डाव्या हाताची असेल, जोर कमी पडेल, तेव्हा गाल जरा पुढे कर. मग ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बस. सुई मी आणतो. राहिलेले काटे काढतो, वेळ लागेल, हाताला अजून सवय नाही.

तुझा पलीकडचा भाऊ,
जगदीश