फाटकावरून उडी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑपरेशन आत्याच्या गुडघ्याचं आणि भोग माझ्या नशिबी. "भिंगरे, नाहीतरी उंडारतच असतेस, यंदा माझी वाट तू चाल."

वाट म्हणजे नदीकाठची, शहराच्या जुन्या वेशीपासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत. वर्षातून एकदा कुणीतरी ती सलग चालून बंधाऱ्यावरच्या वहीत सही करायची. नाहीतर काठाचे जमीनमालक ती कायमची बंद करू शकतात. असा नियम. बावीस वर्षं एकटी आत्या चालतेय. बाकीचं शहर काय झोपलंय?

मुदत सोमवारपर्यंत. "गिरणीवाल्याने फाटकाला कुलूप ठोकलेलं असेल," म्हणाली. "मेला दरवर्षी ठोकतो. सोडू नकोस त्याला."

मी कशाला सोडतेय!

४ ऑक्टोबर

सातला निघाले. वेशीतच साडेदहा. तटाला दोऱ्या बांधल्यात – बसू नका, टेकू नका. तोफा झेलल्या त्या भिंतीने, माझी पाठ सोसवेना? यावरून रखवालदाराशी वाजलं. मग पुलाखाली एक बाई होडीला डांबर लावत होती, तिला दुपारपर्यंत मदत केली. हात अजून काळे आहेत.

शेवटची घरं संपून शेतं लागली तेव्हा ऊन कललं होतं. मुक्काम होडीवालीच्या बहिणीकडे.

५ ऑक्टोबर

फाटक. कुलूप माझ्या मुठीएवढं. आत कठड्यावर चहाचे दोन कप, बशीने झाकलेले. दोन खुर्च्या. लोकांची वाट अडवायची आणि वर पाहुणे बोलावून चहा ढोसायचा!

फाटकाला घंटा होती. मी का वाजवू? हक्काची वाट आहे, भीक नाही. चढले, पलीकडे उडी मारली, दोन्ही कप पिऊन टाकले. एकात साखरच नव्हती. तो कप नदीत भिरकावला.

गिरणीतून म्हाताऱ्याचा आवाज – "आलो, आलो." मी पळाले.

६ ऑक्टोबर

सही केली. वाट वाचली.

बंधाऱ्याचा राखणदार माझ्यामागे बघत राहिला. "एकटीच? दरवर्षी दोघं येतात." वहीची मागची पानं दाखवली. पहिलं वर्ष सोडलं तर आत्याच्या प्रत्येक सहीखाली दुसरी सही. गिरणीवाल्याची. "फाटकापासून इथवर भांडत येतात," राखणदार म्हणाला, "मग त्या पायरीवर बसतात. शेवटची बस येईपर्यंत."

मेला म्हणे! माझ्याशी हे नाटक कशाला? परतीच्या बसमध्ये नुसती धुमसत होते.

७ ऑक्टोबर

सहीचं आत्याने विचारलंच नाही.

"घंटा वाजवलीस ना?"

नाही.

"मग फाटक कुणी उघडलं?"

कुणीच नाही. उडी मारली.

बराच वेळ गुडघा चोळत बसली. "म्हणजे मी का आले नाही, ते त्याला ठाऊकच नाही."

मी चिडले. आधी सांगायचंस की, मी काय मनकवडी आहे? तर म्हणे, "त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

रागारागाने चहा टाकला. तिचा बिनसाखरेचा, नेहमीसारखा. कप तिच्या हातात देताना माझाच हात थांबला.

मग नदीतल्या कपाचंही सांगितलं.

८ ऑक्टोबर

डॉक्टरने महिनाभर जिनासुद्धा बंद केलाय. आत्या घरात नाही. काठी नाही. फळीवरचा एक कप नाही.