उशिरा येणारं बोट

४ फेब्रुवारी

नखं कापायला लावली! रडली नाही, पण खालचा ओठ बाहेर आला. एवढी मोठी नटी, चौकाचौकात तिचे फलक – आणि टाइपरायटरपुढे बसली की कळ खाली जायच्या आधी नख मोडतं. "बाई, ही नखं करारात आहेत हो!" म्हटलं, मग करारालाही कात्री लावा. कापली.

माझा टायपिंगचा क्लास बंद होऊन वर्षं झाली. मशीनं मात्र तेलपाणी करून, झाकून ठेवलेली. भाची त्यांना 'लोखंडी पलटण' म्हणते. ती पलटण आता सिनेमात चाललीय. गोष्ट जुन्या काळातली. कचेरीतल्या साहेबाचा खून होतो. मग एका टायपिस्ट मुलीच्या टेबलावर रोज सकाळी एक कागद – 'तूच मारलंस.' तोही तिच्याच मशीनवर टाइप केलेला! हळूहळू तिलाच वाटायला लागतं, खून आपण केला, कागदही झोपेत आपणच टाइप करतो.

मला कामं दोन. नटीला शिकवायचं, आणि सिनेमात ऐकू येणारी टकटक स्वतः करून द्यायची.

९ फेब्रुवारी

सेट बघितला. हसू जेमतेम आवरलं. कचेरीच्या भिंती मोरपिशी, पडदे मोरपिशी, मुलींचे कपडेही मोरपिशी! दिग्दर्शिका इतकी कोवळी की कार्बन पेपर उलटा धरला होता. डोळे मिटून म्हणते, "किती सुंदर काळ असेल ना, बाई!" म्हटलं, बरा होता. पंखा एकच, तो साहेबाच्या डोक्यावर. आम्ही इतक्या देखण्या नव्हतो, आणि साहेबाचा खून करायला आम्हाला सवडही नव्हती.

खो खो हसली आणि वाक्य लिहून घेतलं. पोरगी चलाख आहे. मला आवडायला लागलीय – बोलून दाखवणार नाही.

घरी येताना पाठमोरीची आठवण आली. नोकरीत आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसायचो, म्हणून तिला ते नाव. वळून न बघता, नुसत्या टकटकीवरून माझा दिवस ओळखायची. "आज जेवली नाहीस वाटतं!" दर वेळी खरं! लग्न होऊन लांब गेली, घरं बदलली, माझी पत्रं परत यायला लागली. किती शोधलं. मग सोडून दिलं.

१६ फेब्रुवारी

आज रेकॉर्डिंग. भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. ध्वनिमुद्रकाला सगळे 'कान' म्हणतात. मी सलग टाइप करत होते, तो मान डोलावत होता. मग भुवया वर. "बाई, एक बोट उशिरा येतंय. डावीकडचं."

पकडलं! लहानपणी दारात चेंगरलेली अनामिका. जरा मागे राहते, मग धावत येते. आणि क्लासमध्ये मी पोरींचे मार्क कापत आले ते याच्यासाठीच – सगळ्या बोटांचा ठोका सारखा हवा! आता हे भरल्या थिएटरात ऐकवायचं? म्हटलं, दुरुस्त करा, नाहीतर माझा आवाज वापरायचा नाही.

"करता येतं," कान म्हणाला. तोंड मात्र दूध नासल्यासारखं.

१७ फेब्रुवारी

दिग्दर्शिका सकाळीच दारात. केस न विंचरता. "बाई, मला शेवट सापडला!" त्या मुलीला कसं कळावं की आपण वेड्या नाही, तिथेच तिचं घोडं अडलं होतं. आता म्हणे, मुलगी शेजारच्या खोलीतून आपल्याच मशीनची टकटक ऐकते. एक बोट उशिरा येतंय. तिची स्वतःची बोटं तर सरळ! म्हणजे कागद टाइप करणारं दुसरंच कुणीतरी. "ती हसते, बाई! भिंतीला कान लावून आनंदानं हसते!"

"म्हणजे खुनी बोट माझं."

"हो!!" काय तो आनंद.

म्हटलं, चहा घ्या आणि निघा. भाची मध्ये पडली – "होऊ दे की गं मावशी! घरात आमची खलनायिका आहेसच, आता जरा पडद्यावर."

नाही म्हणजे नाही. इतक्या पोरी हाताखालून गेल्या. त्यांना काय तोंड दाखवू?

१८ फेब्रुवारी

दिग्दर्शिकेचे फोन. नाही!

२० फेब्रुवारी

कानानं बोलावलं. "दुरुस्त केलंय. ऐका, पसंत असेल तर पुढे पाठवतो." हेडफोन लावला. एकसारखं, स्वच्छ, पैकीच्या पैकी मार्कांचं. कुणीही केलं असतं असं.

मग लबाडानं न विचारता मूळचं लावलं.

मी मला बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं. टक टक टक – आणि मागून पाय ओढत येणारं ते बोट. एकदम उजेड पडला. पाठमोरीला रोज हेच ऐकू जायचं! यावरूनच ती सगळं ओळखायची. उपाशी असले की आणखी रेंगाळत असणार ते. आणि एकदाही म्हणाली नाही, की सुधार.

"मूळचं ठेवा," म्हटलं.

कान नाचायचाच बाकी होता.

२३ ऑक्टोबर

पहिला खेळ! नटीनं सगळ्यांसमोर मिठी मारली. नखं परत वाढलीत, टोचली. सिनेमा फार छान झालाय. त्या मोरपिशी भिंतींचीसुद्धा भीती वाटली. भाचीनं माझा दंड असा आवळला होता की निळा पडला असेल. मग ती खोली, आणि भिंतीपलीकडून माझं बोट. थिएटर श्वास रोखून. तेवढ्यात मागच्या रांगेतून – "अगं, या तर आपल्या बाई!"

हशा! मी खुर्चीत खाली सरकले. बाहेर आल्यावर गाठलंच. माझ्या पोरी, केस पिकलेल्या. "बाई, क्लासच्या आधी दार लावून मशीनं तपासायच्या ना तुम्ही? आम्हाला जिन्यातच कळायचं. उशिराचं बोट ऐकू आलं की आज धडगत नाही!"

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मार्क गेले असते!"

इतकी हसले की डोळे पुसावे लागले. रुमाल भाचीचा.

६ नोव्हेंबर

कानाचा फोन. लांबच्या गावाहून कुणी म्हातारी त्यांच्या कचेरीला भंडावून सोडतेय. दिसत नाही तिला. नात चित्र सांगते, ती आवाज ऐकते. सिनेमा पुन्हा पुन्हा ऐकून आली म्हणे. "म्हणते, तुमचा खुनी मला माहीत आहे, नंबर द्या! देऊ का, बाई?"

म्हटलं, द्या. लगेच द्या.

७ नोव्हेंबर

फोन वाजला. हॅलो नाही, काही नाही. नुसतं –

"आज जेवलीस का गं?"